स्लॅबच्या कडेने ओल उतरतेय? रंग लावायच्या आधी हे वाचा

नमस्कार. जुलै-ऑगस्ट आला की नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, सातपूरकडून आम्हा वॉटरप्रूफिंगवाल्यांना एकाच प्रकारचे फोन सुरू होतात, स्लॅबच्या कडेखाली भिंत ओली झालीय, पोपडे निघतायत, छज्जाखालचं प्लास्टर पडलंय, आणि बहुतेक घरांत तोपर्यंत दोन-तीनदा रंग मारून झालेला असतो. कळकळीने सांगतो, रंगात पैसे घालवू नका. पाणी शिरतंय कुठून ते सापडल्याशिवाय काहीही लावलं तरी पुढच्या पावसात डाग तिथेच येणार.

गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो ना, तसंच घरात करायचं. डागाची कडा पेन्सिलने आखा आणि शेजारी तारीख टाका. पावसानंतर डाग रेषेबाहेर गेला आणि चार दिवस उघडीप मिळाल्यावर आत सुकला तर पाणी पावसाचं. पाऊस नसताना वाढतोय तर टाकी नाहीतर बाथरूमची लाइन बघायची, गच्चीवर उगाच खर्च नको.

पावसाचंच असेल तर वर जा. इंदिरानगरातल्या एका रो-हाऊसमध्ये हॉलचा पश्चिमेकडचा कोपरा कायम ओला, घरमालक गच्चीवरचा पूर्ण कोबा (सिमेंटचा थर) उखडून नवा करायच्या तयारीत होते. आम्ही पावसाळी पाइपच्या तोंडाशी हात घातला तर कडुनिंबाचा पाला, संक्रांतीचा मांजा, दुधाची एक पिशवी आणि वर घट्ट बसलेला गाळ. त्यामुळे तिथे चार बोटं पाणी साचायचं आणि स्लॅब न् कठड्याच्या सांध्यातल्या वाट्याला (कोपऱ्यात भरलेल्या सिमेंटच्या गोलाईला) केसाएवढी चीर होती तिथून आत जायचं. कोबा ठणठणीत होता हो! फक्त तोंड साफ करून जाळी बसवली आणि तेवढा वाटा फोडून नवा केला.

खात्री करायची तर पाइपचं तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभं ठेवतात, पण स्लॅब जुना असेल, वाकलेला दिसत असेल तर हे स्वतः करू नका, पाण्याचं वजन फार होतं.

दुरुस्ती करताना चिरेवर वरून सिमेंट फासून भागत नाही. वाटा पक्क्या काँक्रीटपर्यंत फोडायचा, धूळ काढायची, लॅटेक्स (पकड वाढवणारं पातळ द्रव) घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने गोल भरायचा आणि किमान सात दिवस पाणी मारायचं, एप्रिलच्या उन्हात तर वर ओली पोती हवीतच. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीच्या बाजूला द्यायचा, नाहीतर बाहेरच्या भिंतीवर काळे ओघळ येतात. छज्जाच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडं आत एक बारीक खोबण लागते, पाणी तिथे तुटून खाली पडतं, आणि ही खोबणच बरेच जण प्लास्टर करताना बुजवून टाकतात, मग पाणी छज्जाखालून सरकत थेट भिंतीत.

छज्जाखाली तांबूस डाग असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल तर आतली सळई गंजलीय. गंजताना सळई फुगते आणि काँक्रीटला ढकलते, त्यामुळे नुसतं प्लास्टर पुन्हा निखळणार. सळई मागून मोकळी करून ब्रशने घासायची, गंजरोधक लावायचं, मगच भरायचं. फार झिजली असेल तर इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्याखाली मुलांना उभं राहू देऊ नका, गाडी लावू नका.

पंचवटी, जुन्या नाशकातल्या पत्र्याच्या घरांना वेगळं. पत्रा पन्हळीत दोनेक इंच पुढे आलेला हवा, आखूड असला तर पाणी मागे वळून वाशाला लागतं आणि लाकूड कुजतं.

कामाला मार्च ते मे चांगला. भर पावसात आम्ही फक्त पाइपचं तोंड साफ करतो आणि ताडपत्रीने तात्पुरतं झाकून देतो, ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंग करून तुमचे पैसे घेणार नाही. फोन कराल तेव्हा पेन्सिलच्या रेषांचे फोटो जवळ ठेवा, पाहणीला आलो की सगळ्यात आधी तेच मागतो.