पन्हाळ्याचं पाणी

ऐन वैशाखात, टळटळीत दुपारी पन्हाळ्याच्या नागझरीत हात घालून बघा. खाली विहिरींचे तळ दिसायला लागलेले असतात, आणि इथे समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून अधिक उंचीवर दगडी कुंडात गार पाणी असतं. शाळेच्या सहलीत मला पहिल्यांदा हा प्रश्न पडला होता. पाणी तर उताराला धावतं, मग डोंगराच्या डोक्यावर ते टिकतं कसं? तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही. पुढे भूशास्त्र थोडंफार वाचलं आणि मला पटलं, की पन्हाळा समजून घ्यायचा तर तटबंदीच्या आधी तिच्याखालचा दगड बघायला हवा.

आपल्या पठाराचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला. काही थर टणक, काही भुसभुशीत. टणक थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची माची होते. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांची ठेवण अशीच आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावर याखेरीज एक टोपी आहे, जांभ्याची.

जांभ्याचा एखादा तुकडा हातात घ्या. तांबूस, खडबडीत, स्पंजासारखा भोकाभोकांचा. काही भोकांत करंगळी सहज जाते. लाखो वर्षं ऊन आणि पाऊस आलटून पालटून खात राहिले, की कातळातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सिलिका धुऊन जातं आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहतं. तोच हा जांभा. लोखंडामुळे लाल, आणि ॲल्युमिनियम जास्त साठलं तर बॉक्साइट, ज्याच्या खाणी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनेही चिरे पाडता येतात. हवा लागली की घट्ट होतो. 1807 साली फ्रान्सिस बुकानननं केरळात लोकांना हा दगड कापताना पाहून त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' असं नाव दिलं. आपल्याकडचे गवंडी त्याच्या कितीतरी आधीपासून जांभ्याची घरं बांधत होते.

हा जांभा डोंगराच्या माथ्यावर आला कसा, यावर एक विलक्षण मत आहे. काही भूवैज्ञानिक म्हणतात, की तो मुळात माथ्यावर तयार झालाच नाही. जुन्या दऱ्यांच्या तळाशी लोहयुक्त पाणी झिरपून तो घट्ट झाला. मग आजूबाजूचे उंच पण मऊ डोंगर झिजून गेले आणि दरीचा तळच माथा होऊन बसला. सगळ्यांना हे मान्य नाही. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, त्या सपाट सड्याच्या काठाशी उभं राहिलं की मला मात्र ते पटतं.

आता पाण्याकडे येऊ. पावसाचं पाणी जांभ्यावरून फार वाहून जात नाही, त्याच्या भोकांतून आणि भेगांतून आत उतरतं. खाली बेसॉल्ट कुजून झालेली पांढरट, गुलाबी चिकणमाती असते, साबणासारखी गुळगुळीत. ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकत जातं, आणि जिथे डोंगराची कूस उघडी पडते तिथे झरा फुटतो. म्हणजे गडाच्या माथ्यावरच एक भलामोठा रांजण पुरलेला आहे, दर पावसाळ्यात भरणारा. जुन्या लेखांत या गडाचं नाव 'प्रणालक' असं येतं. प्रणाल म्हणजे पाण्याची पन्हळ. गडाच्या नावातच पाणी असावं, असं मला मनापासून वाटतं.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज इथे राहायला आला, तेव्हा त्याच्या माणसांना यातलं रसायन माहीत नव्हतं, पण झरे कुठे आहेत ते पक्कं माहीत असणार. 1660 चा वेढा आठवा. सिद्दी जौहरनं मार्चमध्ये गडाला विळखा घातला, म्हणजे नेमका उन्हाळा तोंडावर असताना. आत हजारो माणसं, शिवाय जनावरं. महाराज निसटले ते जुलैच्या धो धो पावसात. वर्षातले सर्वात कोरडे महिने या गडानं अंगातल्या पाण्यावर काढले.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त हेच बजावलं, की आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. नुसत्या झऱ्याच्या भरवशावर राहू नका, टाकी खोदा, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो. तोफेच्या हादऱ्यात तेवढा जोर असेल असं मला वाटत नाही. भूकंपानं मात्र भेगा उघडतात किंवा मिटतात, झऱ्यांचं पाणी कमीजास्त होतं, हे जगभर नोंदलं गेलं आहे. पंतांचं निरीक्षण त्याच दिशेचं आहे. त्यांची समाधी याच गडावर आहे.

गडावरच्या अंधारबाव या विहिरीत उतरलात तर खाली पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघायची वाट, वर पहारेकऱ्यांची जागा. पाणी आणि त्याची राखण एकाच इमारतीत. ग्रीसमधल्या मायसिनीच्या टेकडीवरही, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, तटाखालून सुमारे अठरा मीटर खोल पायऱ्या उतरवून लपवलेलं टाकं बांधलं होतं. त्यात बाहेरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलेलं. या दोन्ही गवंड्यांची गाठ पडण्याची शक्यताच नव्हती. तहान मात्र एकच.

असे गड किती जुने, हे शोधायला आता बांधकामातला चुनाच साक्ष देतो. चुन्याच्या घाण्यात मळलेला ओला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, आणि त्याबरोबर त्या वर्षीच्या हवेतला किरणोत्सारी कार्बनही अडकतो. तो 5,730 वर्षांत निम्मा होतो, या हिशेबानं दरजेचं, म्हणजे दगडांच्या सांध्यात भरलेल्या चुन्याचं, वय काढता येतं. चुनखडीचे न भाजलेले खडे मिसळले असले तर हिशेब चुकतो, म्हणून भट्टीतल्या कोळशाचा कणही सोबत तपासतात. चुन्यात गूळ आणि हिरडा घालायची आपल्याकडची रीत प्रयोगशाळेतही खरी उतरली आहे. गुळानं चुना सावकाश घट्ट होतो आणि तडे कमी जातात.

जुलै 2021 मध्ये पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता चार दरवाजाजवळ खचला. बातम्यांत ते दृश्य पाहताना पोटात गोळा आला. पावसानं जांभा काठोकाठ भरतो, खालची चिकणमाती फुगते, निसरडी होते, आणि वरचं ओझं घसरतं. नागझरीला पाणी देणारा थर आणि कडा सोडवणारा थर एकाच जातीचा. त्या पाण्याला वाट न ठेवता उतारावर भिंत घातली, की पाणी मागे तुंबून भिंतीलाच रेटतं. जुलै 2025 मध्ये पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा आता गर्दी वाढेल, बांधकामं वाढतील.

पुढच्या वेळी घाट चढताना, पाऊस उघडल्यावर, गाडी सुरक्षित जागी लावून डोंगराचा कापलेला भाग बघा. वर लाल जांभा, खाली फिकट माती, आणि दोघांच्या मधोमध एक ओली, हिरवी रेघ. शेवाळ उगवलेली ती रेघ म्हणजेच गडाच्या रांजणाचा तळ.