कोपराच्या एक्स-रेवर दुसरं मत हवंय? कागदपत्रं अशी मागा

मूल पडलं, कोपर सुजलं. एक डॉक्टर बारीक फ्रॅक्चर म्हणतात, दुसऱ्यांना काहीच दिसत नाही. अशा वेळी पालक हादरतात, पण दोघांपैकी कुणी निष्काळजी आहे असं लगेच धरू नका. मुलांच्या कोपरात सहा ठिकाणी कूर्चेचं हाड होत असतं, साधारण पहिल्या वर्षापासून अकराव्यापर्यंत. वाढीची फट कुठली आणि मोडल्याची रेघ कुठली, इथेच जाणकारांचीही मतं वेगळी होतात. हाड पार सरकलं असेल तर सहसा वाद नसतो. वाद होतो तो न सरकलेल्या मोडीवर, म्हणजे कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं त्या मोडींच्या, डॉ. गार्टलंड यांच्या १९५९ च्या वर्गीकरणातल्या पहिल्या प्रकारावर. तिथे कधी रेघच दिसत नाही. दंडाच्या हाडामागे चरबी उचलल्याची काळसर सावली तेवढी दिसते, आणि बाजूचा फोटो तिरका आला तर तीही नीट कळत नाही.

म्हणून नुसता रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नका. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही फिल्म किंवा सीडी मागा.

अर्ज रुग्ण स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते, मुलासाठी आईवडील. गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, म्हापसा-मडगावची जिल्हा रुग्णालयं असोत वा खासगी दवाखाना, साध्या कागदावर वैद्यकीय अधीक्षकांच्या किंवा डॉक्टरांच्या नावे लिहा: रुग्णाचं नाव, केस पेपर नंबर, तपासणीची तारीख, काय हवं ते. सोबत केस पेपरची प्रत, अर्जदाराचं ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला. दुसरं कुणी जाणार असेल तर अधिकारपत्र. पोच घ्यायला विसरू नका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. नोंदी तीन वर्षं जपण्याचं बंधन मात्र दाखल रुग्णांपुरतंच आहे, त्यामुळे ओपीडीत दाखवलं असेल तर उशीर नको.

बोटं गार पडली, पांढरी झाली, बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, तर अर्ज राहू द्या. १०८ ला फोन करा, थेट इमर्जन्सीत जा.

ऑपरेशन ठरलं तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड जवळ असू द्या. गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी उपचारांच्या खर्चाची ही सरकारी योजना आहे.

मतभेद मिटलाच नाही, तर डॉक्टर बरेचदा हात आधारात ठेवून साधारण सात ते दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. मोड असेल तर तोवर भरून येणारं हाड दिसू लागतं. पहिल्या फिल्म त्या दिवशी सोबत न्या, तुलना त्यांच्याशीच करायची असते.