आधी खांद्याचं पातं, मग हात

ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १,५०० मीटर पोहायचं असतं. पंचवीस मीटरच्या तलावात एका लांबीला वीस हात मारणारा पोहणारा तेवढ्या अंतरात १,२०० हात मारतो, म्हणजे एकेका खांद्याच्या वाट्याला ६०० फेऱ्या येतात. हा हिशेब फक्त शर्यतीच्या दिवसाचा. सरावाच्या आठवड्यात आकडा कितीतरी पटींनी वाढतो. पाण्याबाहेर आल्यावरही पाठीची सुटका नसते. पुढचे ४० किलोमीटर सायकलवर ती वाकलेलं धड धरून ठेवते आणि शेवटचे १० किलोमीटर धावताना तेच धड ताठ ठेवते.

इतकी वेगवेगळी कामं करणाऱ्या पाठीसाठी जिममध्ये बहुतेक जण एकच गोष्ट करतात: झेपेल तेवढं वजन ओढतात. माझ्या मते पोहणाऱ्याने जिममधून मुख्यतः दोन सवयी घेऊन बाहेर पडावं. ओढताना खांद्याचं पातं आधी हलावं, आणि वाकताना कण्याऐवजी खुबा हलावा. वजनाचा आकडा त्यानंतर.

पाण्यात ओढण्याचं मोठं काम करतो तो लॅटिसिमस डॉर्साय, जिमच्या भाषेत लॅट्स. हा स्नायू पाठीच्या खालच्या भागावर पंख्यासारखा पसरलेला असतो. छातीचे खालचे सहा मणके, कमरेचे मणके, कमरेच्या हाडाची वरची कड आणि शेवटच्या तीन-चार बरगड्या इथून त्याचे तंतू निघतात, काखेकडे येत येत एकत्र होतात आणि दंडाच्या हाडाच्या पुढच्या अंगाला जाऊन चिकटतात. स्नायू पाठीचा, पण त्याचं टोक पुढे. त्यामुळे तो आखडला की दंड खाली आणि मागे येतो आणि सोबतच आतल्या बाजूला वळतो. छातीचा मोठा स्नायूही दंड आतच वळवतो. फ्रीस्टाईलमध्ये पाणी मागे लोटताना हे दोन्ही मिळून राबतात. वर्षानुवर्षं तेच होत राहिलं की खांदे पुढे झुकतात, आणि दंड बाहेर वळवणारे छोटे स्नायू व पातं सांभाळणारे पाठीच्या मधल्या भागातले स्नायू तुलनेने मागे पडतात. अशा माणसाने जिममध्ये येऊन फक्त लॅट्सच कमावले, तर ही तफावत वाढतच जाते. केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी १९७४ साली पोहणाऱ्यांच्या खांदेदुखीला ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव दिलं, आणि आज पन्नास वर्षांनंतरही पोहणाऱ्यांची ती नेहमीची तक्रार आहे.

आता पात्याकडे येऊ. खांद्याचं पातं बरगड्यांवर जवळजवळ मोकळं असतं. धडाच्या सांगाड्याशी हाडाने जोडणारा त्याचा एकमेव दुवा म्हणजे कॉलरबोन, बाकी सगळी मदार स्नायूंवर. हात बाजूपासून थेट कानापर्यंत नेताना जे १८० अंश भरतात, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यात होतात आणि उरलेले ६० पातं फिरल्यामुळे मिळतात. पातं नीट फिरलं नाही, की ती तूट सांध्याला भरून काढावी लागते आणि तिथल्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर, ताण येतो.

हे फिरवण्याचं काम मुख्यतः सिरेटस अँटिरियर करतो. काखेखाली बरगड्यांवर दातेरी पट्ट्या दिसतात, तो हा स्नायू. मॅरिलिन पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोहणाऱ्यांच्या स्नायूंमध्ये बारीक तारा बसवून विद्युत हालचाल मोजली होती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इतर स्नायूंना हाताच्या एका फेरीत कुठे ना कुठे उसंत मिळत होती. सिरेटस आणि पात्याच्या आतल्या अंगाचा सबस्कॅप्युलॅरिस हे दोन मात्र पूर्ण फेरीभर कामावर होते. दुखऱ्या खांद्यांमध्ये नेमका सिरेटस ओढण्याच्या टप्प्यात कमी पडत असल्याचं त्यांना दिसलं.

म्हणूनच जिममध्ये उठता-बसता ऐकू येणारी ‘खांदे मागे, खांदे खाली’ ही सूचना मला सरसकट पटत नाही. रोइंगच्या, म्हणजे वजन धडाकडे ओढायच्या व्यायामाच्या शेवटी ती बरोबर आहे. हात डोक्यावर असताना पातं खाली दाबून धरलं, तर त्याला वर फिरताच येत नाही, आणि पोहणाऱ्याला तर प्रत्येक फेरीत हात पुढे लांबवण्यासाठी पातं वर सरकायला हवंच असतं.

लॅट पुलडाऊनच्या, म्हणजे बसून डोक्यावरचा बार खाली ओढायच्या मशीनवर हे फार स्पष्ट दिसतं. मांड्या पॅडखाली घट्ट, पावलं जमिनीवर, पकड खांद्यांपेक्षा थोडी रुंद. हात सरळ करून बारला वर जाऊ द्या, खांदे कानांकडे उचलले गेले तर जाऊ द्या. आता कोपर न वाकवता फक्त पाती खाली आणा. बार जेमतेम दोन-तीन इंच खाली येतो, पण काखेच्या मागे लॅट्स जागे झाल्याचं कळतं. त्यानंतर कोपरं खाली न्या, जणू ती पँटच्या मागच्या खिशात घालायची आहेत. बार छातीच्या वरच्या भागापर्यंत आला की पुरे. त्याहून खाली ओढू गेलात की मनगटं आत मुडपतात, खांदे पुढे गोल होतात आणि दंडाच्या हाडाचं डोकं सांध्यात पुढच्या बाजूला रेटलं जातं. धड किंचित मागे झुकलेलं असायला हरकत नाही, मात्र पहिल्या रेपला (एका पूर्ण आवृत्तीला) जितकं झुकलं असेल तितकंच शेवटच्या रेपलाही हवं. रेपागणिक धड मागे फेकलं जात असेल तर वजन कंबर ओढतेय, तेव्हा एक-दोन प्लेट्स कमी करा. परत जाताना दोन-तीन सेकंद घ्या आणि शेवटी पाती पुन्हा वर जाऊ द्या.

बार मानेमागे ओढण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्याने लॅट्सना जास्तीचं काही मिळत नाही, उलट मान पुढे ढकलली जाते आणि खांदा त्याच्या वळण्याच्या शेवटच्या टोकाशी भार उचलतो.

याच केबलवर कोपर जवळजवळ सरळ ठेवून बार डोळ्यांच्या उंचीपासून मांड्यांपर्यंत आणायचा व्यायाम पोहण्याच्या सर्वांत जवळचा आहे. त्यात एकच पथ्य पाळायचं: बरगड्या पुढे उघडू द्यायच्या नाहीत. वजन हलकंच ठेवा.

डंबेल रोमध्ये चूक उलट्या टोकाला होते. एक हात आणि गुडघा बाकावर, पाठ सपाट, दुसऱ्या हातात डंबेल. इथे लोक कोपर छताकडे जाईल तितकं उंच नेतात. कोपर धडाच्या रेषेपर्यंत आलं की पातं कण्याजवळ पोहोचलेलं असतं आणि व्यायाम तिथेच पूर्ण होतो. त्यापुढे पातं जागेवर राहतं आणि फक्त दंडाचं डोकं पुढे सरकतं. आरशात बघा: खांद्याचा पुढचा भाग जमिनीकडे झुकायला लागला की तुम्ही मर्यादा ओलांडलीत. खाली येताना पातं बरगड्यांवरून पुढे घसरू द्या, तेवढ्या हालचालीत सिरेटसही कामाला लागतो. धड मात्र वळता कामा नये.

फेस पुल (केबल चेहऱ्याकडे ओढणं), किंवा पालथं झोपून हात इंग्रजी Y च्या आकारात उचलणं, हे व्यायाम ट्रॅपिझियस या मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या स्नायूच्या मधल्या आणि खालच्या भागासाठी. वजन अगदी कमी, कित्येकदा शून्यच. अंगठे वरच्या दिशेला. मान आखडायला लागली की वरचा ट्रॅपिझियस काम बळकावतोय असं समजून थांबा.

कमरेचा विषय मोठा आहे. कण्याच्या चकतीवर, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीवर, प्रत्यक्ष किती दाब येतो हे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून मोजलं आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. आरामात उभं असताना दाब सुमारे ०.५ मेगापास्कल होता. पाठ गोल करून २० किलो उचलले तेव्हा २.३, गुडघे वाकवून नीट उचलले तेव्हा १.७. तेच २० किलो अंगाशी धरल्यावर १.१. मोजमाप एकाच माणसाचं होतं, त्यामुळे नेमका आकडा तुमच्या-माझ्या कण्याला लावता येणार नाही. पण कल ठळक आहे: वजन तेच असूनही ते अंगापासून किती दूर आहे आणि पाठ किती गोल आहे, यावर दाब दुपटीने कमी-जास्त होतो.

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहताना, बार नडगीला आणि मांडीला घासत वर यावा असं सांगतात ते याचसाठी. त्याआधी खुब्यातून वाकणं शिकावं लागतं, आणि त्याला एक काठी पुरते. काठी पाठीमागे उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, पात्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. गुडघे जरासे सैल ठेवा आणि नितंब मागच्या भिंतीकडे ढकलत वाका. जिथे तीनपैकी एक जागा सुटते, तिथे तुमची आजची मर्यादा. बार तिथूनच उचला; त्यासाठी तो प्लेट्सवर किंवा ठोकळ्यांवर ठेवावा लागला तरी चालेल.

वेळही बघायला हवी. त्याच अभ्यासात झोपेच्या सात तासांत चकतीतला दाब ०.१० वरून ०.२४ मेगापास्कलपर्यंत वाढला होता, कारण रात्री चकती पाणी शोषून फुगते. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या खाली वाकून वजन उचलणं म्हणजे फुगलेल्या चकतीवर भार टाकणं. ट्रायथलॉन करणाऱ्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. उठल्यानंतर तासभर तरी चालण्यात, हलक्या हालचालीत जाऊ द्या. तसंच दोन-तीन तासांच्या सायकल राइडवरून उतरून सरळ डेडलिफ्टकडे जाऊ नका. बराच वेळ वाकून राहिल्यावर कण्याचे अस्थिबंध (हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे) सैलावलेले असतात आणि त्यांना पूर्वपदावर यायला वेळ लागतो.

सायकलसाठी कमरेच्या स्नायूंना ताकदीइतकाच दम लागतो. डेन्मार्कचे बिअरिंग-सोरेन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की पालथं झोपून धड हवेत आडवं किती वेळ धरता येतं यावरून पुरुषांमध्ये पुढच्या वर्षभरातल्या पहिल्या कंबरदुखीचा अंदाज बांधता येतो. हा दम वाढवायला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी लोकप्रिय केलेला बर्ड-डॉग उत्तम. दोन्ही हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा. पाय उंच उचलायचा नाही, टाच मागे ढकलायची. कमरेवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये, इतकं धड स्थिर हवं. आठ-दहा सेकंद धरा, बाजू बदला. याउलट पालथं पडून हात-पाय एकदम उचलायचा ‘सुपरमॅन’ मी कुणाला सुचवत नाही. त्यात कण्याच्या मागच्या सांध्यांवर फार दाब येतो, आणि खुल्या पाण्यात दिशा बघायला डोकं उचलताना पोहणाऱ्याची कंबर तशीही वारंवार मागे वाकत असते.

हे सगळं आठवड्यातून दोनदा पुरतं. पोहण्याच्या कठीण सरावाच्या लगेच आधी ओढण्याचे जड सेट घेऊ नका, कारण पातं सांभाळणारे स्नायू थकलेले असताना पाण्यातला प्रत्येक हात बिघडतो. सेटमधले रेप्स आधी ठरवले असले तरी फॉर्म मोडला की सेट तिथेच संपवा. व्यायामानंतर दोन्ही बाजूंना सारखं जाणवणारं, दोन-तीन दिवसांत ओसरणारं दुखणं नेहमीचंच. खांद्याच्या पुढच्या भागात टोचत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा कळ पायात उतरत असेल, तर व्यायाम थांबवून तपासून घ्या. आणि पाय लुळे पडू लागले, दोन मांड्यांच्या मध्ये, गुप्तांगाच्या आसपास बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.