पांघरूण काढलं तेव्हा: बडोदं, देह आणि भूपेन खख्खर

चित्रकार भूपेन खख्खर यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण १९८१ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी त्यांनी 'यू कान्ट प्लीज ऑल' रंगवलं आणि आपलं समलैंगिक असणं उघडपणे चित्रात आणलं. पण बडोदेकरांनी जरा मागे जायला हवं. पुरुष-बाई या चौकटीत न बसणारे देह गायकवाडीला, म्हणजे बडोदा संस्थानाला, नवे नव्हते. त्यांच्यावर पांघरूण तेवढं लागायचं. कधी देवीचं, कधी पुराणाचं, कधी रंगभूमीचं.

मेहसाणा जिल्ह्यातलं बहुचराजी हे गायकवाडी मुलखातलं मोठं देवस्थान. तिथलं मुख्य देऊळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मानाजीराव गायकवाडांनी बांधवलं. दुखणं बरं झालं म्हणून नवस फेडला, असं सांगतात. कोंबड्यावर बसलेली ही देवी तृतीयपंथीयांची आई. तिथल्या मानसरोवराची कथाही तशीच आहे: मुलगा म्हणून वाढवलेल्या राजकन्येचं लग्न होतं, बिंग फुटायची वेळ येते आणि त्या पाण्यात उतरल्यावर तिचा पुरुष होतो. बाळाचं जावळ काढायला गुजरातभरातून माणसं इथे येतात आणि तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घेऊन जातात. तिकडे उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने याच लोकांची नावं पोलिसांच्या वहीत चढवली होती. अर्थात बहुचराजीतला मान देवळाच्या आवारापुरताच. घर भाड्याने मागायला गेलं की तो संपतो.

सयाजीराव तिसरे यांच्या काळात पांघरूण बदललं. राजा रविवर्मांनी दरबारासाठी पुराणातले प्रसंग रंगवले. नायिकांना साड्या नेसवल्या आणि देहाला कथेचा परवाना मिळाला. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता. पुरुषाने बाई व्हावं आणि घरंदाज बायकांनी त्याच्याकडे पाहून साडी नेसायची ढब उचलावी, हे मराठी माणसाने कौतुकाने पाहिलं. पडदा पडल्यावर मात्र त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही, असा अलिखित करार होता. आपण अजूनही तो पाळतो.

१९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा निघाली. चित्रकला विभाग उभा केला तो इंदूरच्या ना. श्री. बेंद्र्यांनी. खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून इथे आले, चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. प्रवेश घेतला कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, आणि तेच पथ्यावर पडलं. हिशेबाची नोकरी सांभाळून त्यांनी न्हावी, शिंपी, घड्याळजी रंगवले. ही माणसं तोवर आपल्या आधुनिक चित्रकलेत क्वचितच दिसली होती.

स्वतःबद्दल उघड व्हायला त्यांना पुढे बरीच वर्षं लागली. आई गेल्यानंतर ते मोकळे झाले. 'यू कान्ट प्लीज ऑल'मध्ये गच्चीत एक माणूस नागडा, आपल्याकडे पाठ करून उभा आहे. खाली बाप, लेक आणि गाढव यांची आपण शाळेत वाचलेली गोष्ट घडते आहे. सगळ्यांचं ऐकत गेलेल्या बापलेकांकडे तो वरून बघतो. मला या चित्रातली सगळ्यात धीट गोष्ट नागडेपणा वाटत नाही, त्याचं निवांतपण वाटतं. पुढच्याच वर्षी 'टू मेन इन बनारस' आलं, दोन पुरुषांच्या उघड आलिंगनाचं. १९८७ मध्ये 'ययाती'. बापाने मुलाकडे तारुण्य मागण्याची कथा त्यांनी पुरुषांच्या प्रेमाकडे वळवली. पुराण होतं, पण आता ते लपवायच्या कामी येत नव्हतं. १९८४ मध्ये पद्मश्रीही मिळाली. हे सगळं कलम ३७७ लागू असताना. ते कलम समलिंगी संबंधांपुरतं सैल झालं २०१८ मध्ये. खख्खर २००३ मध्येच गेले होते.

शहराने नंतर दोन्ही टोकं पाहिली. २००० मध्ये इथे समलैंगिक पुरुषांत एचआयव्हीविरोधी काम करणारी 'लक्ष्य' संस्था उभी राहिली. तिचे एक संस्थापक मानवेंद्रसिंह गोहिल, राजपिपळ्याचे राजपुत्र, २००६ मध्ये आपल्या समलैंगिकतेबद्दल उघडपणे बोलले आणि घरच्यांनी त्यांच्याशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. २००७ च्या मे महिन्यात त्याच ललित कला विद्याशाखेत, परीक्षेसाठी मांडलेली चित्रं अश्लील आहेत म्हणत बाहेरची माणसं आत घुसली आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली. उत्तर म्हणून विद्यार्थ्यांनी भारतीय कलेतल्या शृंगारपरंपरेचं प्रदर्शन लावलं. विद्यापीठाने ते बंद करायला सांगितलं. प्रभारी अधिष्ठात्यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले. त्या प्रदर्शनातल्या प्रतिमा वर्गात वर्षानुवर्षं शिकवल्या जात होत्या.