कोजागरीचं दूध आणि मोठ्यांचं पोट

कोजागरीच्या रात्री आमच्या गच्चीवर मोठ्या पातेल्यात दूध आटायचं. केशर, वेलदोडे, जायफळ, वरून चारोळी. सगळ्यांचे पेले रिकामे व्हायचे, आत्याचा मात्र तसाच राहायचा. "मला दूध बाधतं," एवढंच ती म्हणायची. घरात कुणाला ते पटायचं नाही. कारण हीच आत्या जेवताना दोन वाट्या ताक प्यायची, दिवसातून तीनदा दुधाचा चहा घ्यायची आणि पाडव्याला श्रीखंड मागून घ्यायची. दूध बाधतं, तर मग हे सगळं कसं चालतं?

आत्याचं म्हणणं अगदी खरं होतं. ते का खरं होतं हे कळलं की, मोठ्या माणसांनी गायी-म्हशीचं दूध प्यावं की सोया-बदाम-ओटचं, या हल्लीच्या वादातला निम्मा गुंता सुटतो.

दुधातल्या साखरेचं नाव लॅक्टोज. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांची ती जोडी. आतडं ही जोडी जशीच्या तशी शोषू शकत नाही, आधी ती तोडावी लागते. हे काम लहान आतड्याच्या अस्तरातलं लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. तान्ह्या बाळाच्या पोटात ते भरपूर असतं, कारण आईच्या दुधात सुमारे ७ टक्के लॅक्टोज असतं आणि बाळाला दुसरं अन्नच नसतं. अंगावरचं पिणं सुटलं की पुढच्या काही वर्षांत लॅक्टेजची निर्मिती घटत जाते. वासराचं, पिल्लाचं, माणसाच्या मुलाचं, सगळ्यांचं तसंच. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये हे घडतं, म्हणून त्याला आजार म्हणणंच चूक आहे.

न तुटलेलं लॅक्टोज पुढे मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जीवाणू ते आंबवतात, वायू तयार होतो, शिवाय न शोषलेली साखर पाणी धरून ठेवते. मग पोट गुडगुडतं, फुगतं, कळ येते, कधी जुलाब होतात. या वायूंतला हायड्रोजन रक्तात मिसळून फुप्फुसांपर्यंत जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणूनच लॅक्टोज पचतं की नाही याची तपासणी पोटाची न करता श्वासाची करतात.

पण लॅक्टेज कमी झालं म्हणजे दुधाचा थेंबही चालत नाही, असं मुळीच नाही. सगळा खेळ मात्रेचा आहे. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं, जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सहज. गायीच्या किंवा म्हशीच्या दुधात साधारण ५ टक्के लॅक्टोज असतं. चहाच्या कपात ५० मिली दूध धरलं, तर अडीच ग्रॅम लॅक्टोज झालं. आत्याचे तीन चहा म्हणजे साडेसात ग्रॅम, तेही दिवसभरात विभागून. आता कोजागरीचं गणित करू. दूध आटवून निम्मं केलं की पाणी उडतं, लॅक्टोज तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण १० टक्क्यांवर जातं. २०० मिलीच्या एका पेल्यात २० ग्रॅम, तेही एकदम आणि रात्री उशिरा. आत्याचं पोट हे गणित न मांडताच जाणत होतं.

ताकाची गोष्ट वेगळी. विरजणातले जीवाणू लॅक्टोज खाऊन त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून तर दही आंबट होतं. सगळं लॅक्टोज काही संपत नाही. पण जिवंत जीवाणूंच्या पोटात लॅक्टोज तोडणारं स्वतःचं विकर असतं, आणि दही खाल्ल्यावर तेही आपल्या आतड्यात काम करत राहतं. जे विकर आपण बनवायचं थांबवलं, ते आपण उसनं घेतो. श्रीखंडाचा चक्का रात्रभर टांगून ठेवला की पाण्याबरोबर उरलेलं लॅक्टोजही बरंचसं गळून जातं. पनीरचंही तेच. तुपात तर लॅक्टोज जवळजवळ नसतंच. उलट बासुंदी, खवा, पेढा यांत ते दाटलेलं असतं. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी दुधाचे सगळेच पदार्थ सरसकट टाकायचं कारण नाही. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मात्र हे काहीच लागू नाही. ती वेगळी गोष्ट आहे, बहुधा लहानपणीच दिसते आणि तिथे दही-ताकही चालत नाही.

काही माणसांत लॅक्टेज आयुष्यभर चालू राहतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००२ साली त्याचं कारण शोधलं. लॅक्टेजचं जनुक चालू-बंद करणारं एक बटण शेजारच्या जनुकात असतं, त्यात डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. पुढे भारतातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले गेले, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. युरोपात जे अक्षर बदललं आहे तेच आपल्याकडेही बदललेलं आहे, म्हणजे वारसा एकच. आणि हा बदल वायव्येकडे जास्त आढळतो, आग्नेयेकडे उतरत जातो. देशभर मिळून साधारण पाचातल्या एकात तो आहे. निलगिरीतले म्हशी पाळणारे तोडा लोक या उताराला ठळक अपवाद आहेत. आपण मराठी माणसं या उताराच्या मधोमध कुठेतरी बसतो. म्हणून एकाच घरात एकाला लिटरभर दूध पचतं आणि दुसऱ्याला पेलाभर सोसत नाही, यात नवल काहीच नाही.

"मोठेपणी दूध पिणारा माणूस हा एकमेव प्राणी, म्हणजे ते अनैसर्गिकच" हा मुद्दा वारंवार ऐकू येतो. मला तो पटत नाही. अन्न शिजवणारा आणि धान्य पेरणाराही माणूसच एकमेव. युरोपातल्या प्राचीन मडक्यांना चिकटलेल्या स्निग्धांशांचे सुमारे सात हजार अवशेष तपासून २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅक्टोज पचवणारं जनुक रुळण्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथले लोक दूध वापरत होते, असं त्यात दिसलं. एरवी पोट थोडं गुडगुडलं तर निभावून जायचं. दुष्काळात आणि रोगराईत मात्र आधीच खंगलेल्या माणसाला जुलाब जिवावर बेतायचे, आणि ज्यांना दूध पचायचं ते तगायचे, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

आता पाकिटातल्या सोया-बदाम-ओटच्या पेयांकडे वळू. त्यांच्यावर 'दूध' लिहायला आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची हरकत आहे. नारळाच्या दुधाला सूट आहे, आणि ते बरंच झालं, नाहीतर सोलकढी कशाची करायची! शब्दाचं काहीही असो, पाकिटामागचा तक्ता वाचायची सवय लावून घ्यावी. गायीच्या २०० मिली दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सोया, ओट, बदाम, तांदूळ यांपैकी प्रथिनांत याच्या जवळ जातं ते फक्त सोयाचं पेय. ओटच्या पेयात २०० मिलीला जेमतेम दोन ग्रॅम, बदामाच्या पेयात एखादाच ग्रॅम, तांदळाच्या पेयात तेवढंही नाही. बदामाच्या बऱ्याच पाकिटांत बदाम दोन-तीन टक्केच असतो, बाकी पाणी. एक ग्रॅम प्रथिनं तर चार बदाम चावून खाल्ले तरी मिळतात, आणि ते कितीतरी स्वस्त पडतं. ओटच्या पेयाचा जन्म स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात १९९०च्या दशकात झाला, तोही लॅक्टोज न पचणाऱ्यांसाठी. त्यात विकर घालून ओटमधलं पिष्ट फोडतात, त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. म्हणून वरून साखर न घालताही ते गोड लागतं. मधुमेह असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. कॅल्शियम वरून घातलेलं असेल तरच यांत असतं, आणि ते तळाशी बसतं, तेव्हा पाकीट नीट हलवूनच ओतावं.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे या सगळ्यांत खरा पर्याय सोयाचाच. लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीन शेतोशेती पिकतं. त्याचं तेल आपण खातो, पेंड मात्र जनावरं आणि कोंबड्या खातात, प्रथिनं सगळी पेंडीतच राहतात. घरी करायचं तर सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सालं काढायची आणि उकळत्या पाण्यातच वाटायचं. थंड पाण्यात वाटलं तर दाण्यातलं एक विकर तेलावर काम करून तो उग्र, कच्चट वास सोडतं. उकळतं पाणी त्या विकराला जागीच निकामी करतं. गाळल्यावर पुन्हा चांगलं उकळायचं, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते उष्णतेनंच जातात. उरलेला चोथा थालीपीठाच्या पिठात खपतो.

पर्यावरणाच्या बाजूनं पाहिलं तर पारडं वनस्पतींकडे झुकतं, यात वाद नाही. २०१८ सालच्या एका जागतिक अभ्यासात एक लिटर गायीच्या दुधामागे सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइडइतका हरितगृह वायू सरासरीनं निघाला, तर सोया, ओट, बदामाच्या पेयांमागे एक किलोच्या आसपास किंवा कमी. पाणी दुधाला ६२८ लिटर, बदामाच्या पेयाला ३७१, सोयाला २८. ही जगाची सरासरी आहे. आपल्या गोठ्यातली गाय कडबा, उसाचं वाढं असं माणसाला न खाता येणारं खाते आणि शेणही देते, हे या आकड्यांत नीट मावत नाही. पण कमी दूध देणारं जनावर लिटरमागे मिथेन जास्त सोडतं, हेही तितकंच खरं.

हाडांसाठी दूध हवंच का? कॅल्शियम हवंच. प्रौढांसाठी रोजची शिफारस पूर्वी ६०० मिलिग्रॅम होती, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली ती १००० केली. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सालासकट तिळाच्या १० ग्रॅममध्ये शंभराहून जास्त. काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी, सुकट यांतही ते भरपूर असतं. पालकात कागदावर पुष्कळ दिसतं, पण पालकातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य ते बांधून ठेवतं आणि शरीराला शंभरातले जेमतेम पाच वाटे मिळतात, दुधातले तीसेक मिळतात. ब्रिटनमध्ये सुमारे ५५ हजार लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा दूध-अंडीही न खाणाऱ्यांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहारींपेक्षा ४३ टक्के जास्त दिसलं. दूध पिणारे शाकाहारी मधे होते. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांचा त्यात वाटा होता, पण तेवढ्यानं सगळा फरक उलगडला नाही. भाकरी-तीळ-मासळी खाणाऱ्याची हाडं दुधावाचून अडत नाहीत. दूध सोडून त्या जागी बदामाचं पाणी पिणाऱ्याची मात्र मला काळजी वाटते.

आणि त्याहून मोठी काळजी बी-१२ जीवनसत्त्वाची. ते ना गाय बनवते, ना म्हैस. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जीवाणू कोबाल्ट वापरून ते बनवतात आणि मग ते दुधा-मांसात उतरतं. वनस्पतींमध्ये ते नसतं. त्यामुळे शुद्ध शाकाहारी मराठी घरात बी-१२ येण्याची वाट एकच, दूधदुभतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. ज्यांच्या घरी रोज दुधाची पिशवी येते, त्यांच्यातच सर्वाधिक. कारण पेलाभर दुधातून अंदाजे एक मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर बी-१२ मिळतं, गरज दोन मायक्रोग्रॅमहून जास्त असते, आणि आपलं दूध बहुतांशी चहात विरून जातं. २०१३ साली पुण्यातल्याच तरुण शाकाहारींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज साधं दूध प्यायला दिल्यावर दोन आठवड्यांतच त्यांच्या रक्तातली बी-१२ची स्थिती सुधारली.

म्हणून मी दुधाचा आग्रह कुणालाच धरत नाही, बी-१२चा मात्र धरते. मासे-अंडी खाणाऱ्यानं दूध नाही घेतलं तरी चालेल. शाकाहारी माणसाला दूध सोसत असेल तर त्यानं चहाबाहेरचं दूध, दही, ताक मिळून पाव लिटरच्या वर ठेवावं. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला ३०० मिलीचा आहे. ज्यानं प्राण्यांवरच्या मायेनं दूध सोडलं असेल, त्याच्या निर्णयाबद्दल मला आदरच आहे, पण त्यानं बी-१२ची गोळी डॉक्टरांना विचारून कायमची चालू ठेवावी. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि नसांना इजा झाली की ती पूर्ण भरून येईलच असं नसतं.

आत्याला पुढे मधुमेह झाला. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी साखर घालून आटवलेलं कोणतंही दूध बंद केलं, तिला त्याचं काही दुःख नव्हतं. साठीनंतर तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, रात्री पाय बधिर व्हायचे. मधुमेहात होतंच असं, म्हणून वर्षभर आम्ही सगळ्यांनी ते अंगावर काढू दिलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२चं शोषण कमी होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रक्त तपासलं तेव्हा तिचं बी-१२ अगदी तळाला गेलेलं होतं. इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. उजव्या पायाच्या मुंग्या गेल्या. डाव्या पायाच्या अजून आहेत.