काय म्हणाला, त्याआधी कोण म्हणाला

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार आणि नेपाळची जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ८ च्या आसपास होती. मुंगेर आणि मुजफ्फरपूर उद्ध्वस्त झाली, दहा हजारांहून जास्त माणसं दगावली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. तिथल्या भाषणात ते म्हणाले, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे.

ही बातमी वाचून रवींद्रनाथ टागोर व्यथित झाले. अस्पृश्यता त्यांनाही तितकीच नकोशी होती. पण निसर्गातल्या आपत्तीची कारणं निसर्गातच असतात, माणसाच्या पापपुण्याशी तिचा संबंध जोडणं चूक आहे, हे जाहीरपणे सांगायलाच हवं असं त्यांना वाटलं. (जमिनीखालचे प्रचंड पट्ट सरकल्याने भूकंप होतात, हा भूपट्टांचा सिद्धांत सर्वमान्य व्हायला तेव्हा अजून तीसेक वर्षं होती. तरी टागोरांची दिशा अचूक होती.) त्यांनी निवेदन लिहिलं आणि ते आधी गांधीजींकडेच पाठवलं. त्या निवेदनाचा शेवट फार लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. महात्माजींनी देशवासीयांच्या मनातली भीती आणि दुबळेपणा घालवला, याबद्दल आम्ही सगळे त्यांचे अत्यंत ऋणी आहोत. म्हणूनच त्यांच्या तोंडच्या शब्दांनी त्याच मनांतल्या अविवेकाला बळ मिळतं तेव्हा आम्हाला खोल दुखापत होते, अशा आशयाचं ते वाक्य आहे. ‘आम्ही’ आणि ‘ऋणी’ हे दोन शब्द तिथे औपचारिकतेपुरते आलेले नाहीत. ते काय काम करतात, हे मानसशास्त्राला सुमारे सत्तर वर्षांनी मोजून दाखवता आलं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले मॅथ्यू हॉर्नसी आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर काम करत होते. त्यांचा २००२ चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. प्रयोगाची कल्पना साधी होती. ऑस्ट्रेलियन माणसांना त्यांच्याच देशबांधवांवर केलेली कडवट टीका वाचायला द्यायची. मजकूर सगळ्यांना तोच. फरक एवढाच, की काहींना सांगायचं हे एका ऑस्ट्रेलियन माणसाचं मत आहे, आणि काहींना सांगायचं हे परदेशी माणसाचं आहे. घरच्या माणसाची टीका लोकांनी बऱ्यापैकी ऐकून घेतली. तीच टीका बाहेरच्याच्या नावावर आली तेव्हा ती झोंबली.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपल्याकडे आहेच, मग यात नवीन काय, असं वाटेल. नवीन आहे ते यामागचं कारण. बाहेरच्या माणसाला आपल्याविषयी माहिती कमी, म्हणून त्याचं म्हणणं टाकून दिलं जातं, असा आपला समज असतो. पुढच्या प्रयोगांत याच गटाने हा समज तपासला. टीका करणारा परदेशी माणूस बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात राहिलेला आहे, त्याला देशाची खडान्‌खडा माहिती आहे, असं सांगून पाहिलं. तरी फरक पडला नाही. वाचणारा टीकाकाराचं ज्ञान मोजतच नव्हता. तो त्याचा हेतू मोजत होता: याला आमचं बरं व्हावं असं वाटतं का, की हा फक्त आम्हाला खाली पाडायला आलाय? उलट बाजूही तपासून झाली. टीकाकार घरचाच आहे, पण त्याला या देशाविषयी फारशी आपुलकी नाही असं जाणवलं, तर घरचेपणाचा फायदा बराचसा आटतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एका भाच्याने परदेशातून गावच्या नदीच्या घाणीबद्दल लिहिलं. पहिलं उत्तर आलं, ‘तिकडे बसून बोलायला काय जातं?’ नदी घाण आहे की नाही, यावर शेवटपर्यंत कुणीच काही लिहिलं नाही. महिनाभर आधी गावातल्याच एका काकांनी त्याच नदीबद्दल याहून जहाल भाषेत लिहिलं होतं, आणि त्याला सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. भाच्याचं बालपण त्या नदीत पोहण्यात गेलं आहे. पण ते पडद्यावर दिसत नाही. आणि माझ्या मते आजच्या राजकीय वादांमधली खरी मेख इथेच आहे.

समोरासमोर बोलताना बोलणाऱ्याचा हेतू कळायला शंभर खुणा असतात. आवाज जड होतो, बोलता बोलता माणूस थांबतो, डोळे पाणावतात. मराठीत तर अर्ध्याहून अधिक अर्थ सुरातच असतो. ‘शहाणाच आहेस’ हे कौतुक आहे की खरडपट्टी, ते नुसत्या अक्षरांवरून सांगता येत नाही. ‘धन्य आहे’चंही तेच. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे आकड्यांत मांडलं. त्यांनी काही जणांना गंभीर आणि उपरोधिक अशी दोन्ही प्रकारची विधानं समोरच्यापर्यंत पोचवायला सांगितली, काहींनी आवाजातून, काहींनी ईमेलमधून. आपला सूर समोरच्याला बरोबर कळेल अशी खात्री पाठवणाऱ्यांना दोन्ही वेळी सारखीच होती, सुमारे ७८ टक्के. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा सूर बरोबर ओळखला. ईमेल वाचणाऱ्यांनी ५६ टक्के वेळा. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० टक्के बरोबर आली असती!

यातला सगळ्यात बोलका आकडा ७८ आहे. आपण लिहितो तेव्हा आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो. तो वाचणाऱ्यालाही ऐकू जातोय असं आपण धरून चालतो. ‘वा, काय देश आहे आपला!’ हे कुणी कळवळून लिहिलं असेल, कुणी अभिमानाने, कुणी तुच्छतेने. वाचणारा मात्र स्वतःच्या मनातला सूर त्यावर चढवतो. २०१७ मध्ये ज्युलियाना श्रोडर, मायकेल कार्डास आणि एप्ली यांनी याच धाग्याला पुढे नेलं. विरोधी मताच्या माणसाचं म्हणणं नुसतं वाचलं, तर तो माणूस कमी विचारी, कमी संवेदनशील वाटतो; तेच म्हणणं त्याच्या आवाजात ऐकलं, तर तो पुष्कळ अधिक ‘माणूस’ वाटतो.

म्हणजे हेतू ओळखायची गरज तशीच राहिली आणि ओळखायच्या खुणा मात्र पुसल्या गेल्या. खुणा नसतात तेव्हा मन धोका पत्करत नाही. ते अनोळखी टीकाकाराला सरळ बाहेरच्यांच्या खान्यात टाकतं. ‘देशद्रोही’ हा शब्द इतक्या चटकन तोंडी का येतो, याचं एक उत्तर मला इथे सापडतं. तो शब्द मुद्द्याला उत्तर देतच नाही. तो फक्त बोलणाऱ्याला कुंपणाबाहेर नेऊन उभं करतो, म्हणजे मग मुद्दा ऐकायची गरजच उरत नाही.

त्यात माध्यमांची रचना भर घालते. विल्यम ब्रेडी, मॉली क्रॉकेट आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ट्विटरवरच्या ७,३३१ जणांचे १ कोटी २७ लाख संदेश अभ्यासले. ज्यांच्या संतापाला लाइक आणि शेअर जास्त मिळाले, ते पुढच्या वेळी अधिक संताप व्यक्त करू लागले. शाबासकी मिळाली की सवय लागते, हे लहान मुलांबद्दल आपल्याला माहीत असतं, इथे ते मोठ्यांत दिसलं. त्याच वर्षी स्टीव्ह राथ्जे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वृत्तसंस्था आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांच्या सुमारे २७ लाख पोस्ट तपासल्या. विरोधी पक्षाचा किंवा गटाचा उल्लेख करणारा प्रत्येक शब्द पोस्ट शेअर होण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढवत होता. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, तिथल्या दोन पक्षांच्या झगड्यातले आहेत. आपल्याकडचे पक्ष, जाती आणि भाषा यांच्या गुंत्यावर ते आकडे जसेच्या तसे चिकटवू नयेत.

या सगळ्यावरून ‘इंटरनेटने माणसं बिघडवली’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं. अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्कमध्ये केलेल्या अभ्यासाने (२०२२) माझं मत बदललं. पडद्यावर जी माणसं वाद घालताना खुनशी होतात ती प्रत्यक्षातही तशीच असतात, असं त्यांना आढळलं. राजकारणात रस आणि मोठेपणाची हाव, हे मिश्रण त्यांच्यात असतं. भिडस्त माणूस कीबोर्डसमोर बसला की राक्षस होतो, असं घडत नाही. घडतं ते असं, की पूर्वी अशा माणसाचा त्रास त्याच्या कट्ट्यापुरता होता, आता तो हजारोंना दिसतो.

आपल्याकडचा दाखला हवा तर पुण्याचाच घ्या. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. देशावरचं दोघांचं प्रेम एकाच शाळेतलं. पुढे आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, यावर बिनसलं. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यानंतर दोन्ही पत्रांतून जे शब्द वापरले गेले ते आज वाचतानाही अंगावर येतात. आणि याच शहरात लोकांनी जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. आगरकर दम्याने खंगलेले होते, १८९५ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. स्वतःची तिरडी पाहून त्या माणसाच्या मनात काय आलं असेल, या विचारापाशी मी नेहमी अडकतो.

आगरकरांचं देशप्रेम कमी होतं का? या प्रश्नाला आज मोजमापाची जोड आहे. एर्व्हिन स्टॉब यांचा जन्म १९३८ मध्ये बुडापेस्टला, ज्यू कुटुंबात झाला. १९४४ मध्ये स्वीडनचे राउल वॉलेनबर्ग संरक्षणपत्रं देऊन हजारो ज्यूंचे प्राण वाचवत होते. त्या पत्रांमुळे वाचलेल्यांत हा सहा वर्षांचा मुलगाही होता. देशाच्या नावाखाली शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर कसा उठतो, हे त्याने लहानपणी पाहिलं आणि आयुष्यभर त्याचाच अभ्यास केला. रॉबर्ट शात्झ, स्टॉब आणि हॉवर्ड लॅव्हिन यांनी १९९९ मध्ये देशभक्तीचे दोन प्रकार वेगळे काढले: आंधळी आणि विधायक. देशाविषयीची ओढ दोन्हीकडे असते. आंधळ्या देशभक्तीसोबत परक्यांची भीती, प्रतीकांचं महत्त्व आणि देशाविषयी फक्त चांगलंच वाचण्याची सवय आढळली, आणि त्याचबरोबर राजकारणापासूनची अलिप्तताही. विधायक देशभक्तीत टीका ही प्रेमाचाच भाग असते, आणि अशा माणसांत राजकीय माहिती, रस आणि प्रत्यक्ष सहभाग जास्त आढळला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे इथेही लागू आहेच. पण घोषणा मोठी म्हणजे काम मोठं, हे समीकरण त्या आकड्यांत सापडत नाही.

डॉमिनिक पॅकर यांनी पुढे दाखवलं, की गटावर जीव असलेली माणसं, गटाचंच नुकसान होतंय असं त्यांना वाटलं, तर विरोधाला उभी राहतात. ज्याला फार काही वाटत नाही तो गप्प राहतो, किंवा निघून जातो. वाद घालत बसायला आपलेपणा लागतो.

आणि अशा एका माणसाचं मोल किती? सोलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची होती. एकाची परीक्षा चाललेली असे, बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा वेळी डोळ्यांना सरळ दिसणारं सत्य सोडून अशा एकट्या पडलेल्या लोकांनी एक तृतीयांशाहून अधिक वेळा त्यांचीच री ओढली. गटात फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा ठेवला, की हे प्रमाण आधीच्या जवळजवळ चौथाईवर आलं. तो भिडू गटाहूनही अधिक चुकीचं उत्तर देत असला, तरी परीक्षा चाललेल्या माणसाच्या चुका घटत होत्या. त्याने फक्त एकमताला तडा दिला होता.

आता हॉर्नसींच्या निष्कर्षाचा एक गैरवापर सहज होऊ शकतो, आणि तो मला फार खुपतो. ‘आधी प्रेम सिद्ध करा, गोड बोला, मग टीका करा’ अशी अट घालणं. हेतूवर शंका घेण्याची सवय ऐकणाऱ्याच्या मनाची आहे. तिचं ओझं बोलणाऱ्याने, त्यातही जखम झालेल्याने, का वाहायचं? टागोरांना ‘आम्ही ऋणी आहोत’ म्हणता आलं, कारण दोघांमध्ये वीस वर्षांचा स्नेह होता. सगळ्यांकडे ती शिदोरी नसते.

११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यातून ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पहिल्या अंकासाठी त्यांनी डॉ. आंबेडकरांकडे संदेश मागितला. आंबेडकरांनी शुभेच्छा पाठवल्या नाहीत. जातिव्यवस्था आहे तोवर बहिष्कृत असणारच, ती नष्ट झाल्याशिवाय त्यांची सुटका नाही, एवढं त्यांनी रोखठोक लिहून पाठवलं. त्यात ऋण नव्हतं, गोडवा नव्हता. गांधीजींना ते पटलं नाही. त्यांनी ते छापलं, आणि आपलं वेगळं मत सोबत लिहिलं.

वर्षभराने, १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये टागोरांचं भूकंपावरचं निवेदन आलं. गांधीजींनी उत्तरात त्यांना गुरुदेव म्हटलं आणि आपलं मत तसूभरही बदललं नाही. विज्ञानाच्या कसोटीवर ते मत चूक होतं आणि चूकच राहिलं. १९३६ मध्ये पंचाहत्तरीकडे झुकलेले टागोर विश्वभारतीच्या पैशांसाठी नाट्यसंच घेऊन गावोगाव फिरत आहेत हे पाहून गांधीजींनी ६० हजार रुपये मिळवून दिले आणि त्यांना घरी जायला सांगितलं. १९४० च्या फेब्रुवारीत गांधीजी शांतिनिकेतनला गेले. निघताना टागोरांनी त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं. माझ्यामागे ही संस्था तुम्ही सांभाळा, अशी विनंती त्यात होती.