फोटोसंग्रहाचे व्यवस्थापन : क्लाउड स्टोरेज भरल्यावर

फोनमधून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, साठत गेलेल्या फोटो-व्हिडिओंची जागा संपली की ते उतरवून घेणे, उतरवलेली प्रत तपासणे, नको ते पुसणे आणि उरलेले नीट लावून ठेवणे, या सगळ्या कामाला मिळून फोटोसंग्रहाचे व्यवस्थापन म्हणता येईल. घरात याला एवढे मोठे नाव कोणी देत नाही. "स्टोरेज फुल झालंय, फोटो उडवायला हवेत" एवढेच म्हटले जाते आणि बहुतेक जण फोटो गमावतात ते याच घाईत. उडवणे ही या कामातली शेवटची पायरी आहे. त्याआधी दुसरी प्रत हवी आणि ती उघडून पाहिलेली हवी.

जागा कशाने भरते

गुगलच्या खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते. ती फोटोंसाठी वेगळी नसते. जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोज या तिघांची मिळून ती असते. १ जून २०२१ पूर्वी 'हाय क्वालिटी'मध्ये, म्हणजे आकार थोडा कमी करून, चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नाहीत, त्या तारखेनंतरचे सगळे धरले जातात. त्यामुळे २०१५ पासूनचे फोटो असलेल्या खात्यात जागा हवी म्हणून २०१८ ची सहल पुसून काही उपयोग होत नाही. सहल जाते, जागा तेवढीच राहते. तेव्हाच 'ओरिजिनल' दर्जाने चढवले असतील तरच फरक पडतो. ॲपलच्या आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबीच आहे आणि त्यात फोनचा बॅकअपही येतो.

१२ मेगापिक्सेलचा साधा फोटो ३ ते ४ एमबीचा असतो. म्हणजे १५ जीबीत सुमारे चार हजार फोटो मावतात. 4के व्हिडिओ मात्र सेकंदाला ३० फ्रेमने घेतला तर जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात मिनिटाला साधारण ३५० एमबी खातो. नव्या एचईव्हीसी प्रकारात १७० एमबीच्या आसपास. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून ढोलपथकाचे चाळीस मिनिटांचे चित्रण केले की पहिल्या प्रकारात जवळजवळ सगळे मोफत खाते त्यातच संपते. तेच चित्रण १०८० पिक्सेलमध्ये, नव्या प्रकारात, मिनिटाला ६० एमबीत बसते आणि फोनच्या पडद्यावर बघणाऱ्याला फरक क्वचितच कळतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ही एक गोष्ट बदलली तरी पुढच्या वर्षाचा बराच ताण कमी होतो.

दुसरा मोठा वाटेकरी व्हॉट्सॲप. त्याचे दोन मार्ग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला म्हणजे फोनमधले 'व्हॉट्सॲप इमेजेस' फोल्डर गुगल फोटोजच्या बॅकअपला जोडलेले असणे. मग सोसायटीच्या ग्रुपवरची पाण्याच्या टँकरची सूचना, सुप्रभातची फुले आणि एकाच मुंजीचे सात जणांनी पाठवलेले तेच फोटो, सगळे क्लाउडवर चढत राहते. दुसरा मार्ग व्हॉट्सॲपचा स्वतःचा चॅट बॅकअप. अँड्रॉइडवर तो पूर्वी गुगलच्या जागेत धरला जात नसे. २०२४ च्या पहिल्या सहामाहीपर्यंत टप्प्याटप्प्याने तो धरला जाऊ लागला, त्यामुळे अनेकांची खाती काहीही नवे न करता भरली. पहिल्यावर उपाय म्हणजे गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमधल्या 'डिव्हाइस फोल्डर्स'मध्ये जाऊन ते फोल्डर बंद करणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये 'व्हिडिओ समाविष्ट करा' हे बटण बंद करणे. फोल्डर बंद केल्याने आधी चढलेले फोटो आपोआप जात नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.

जागा पूर्ण भरली की फोटो चढणे थांबते, शिवाय जीमेलवर मेल येणे-जाणेही थांबते. बँकेचा मेल आला नाही म्हणून शोध सुरू होतो आणि मूळ कारण फोटोंमध्ये सापडते. दोन वर्षे खाते मर्यादेच्या वर राहिले तर गुगल त्यातला मजकूर पुसू शकते.

आधी उतरवून घेणे

गुगलचे फोटो एकत्र उतरवण्याची सोय म्हणजे 'गुगल टेकआउट'. हे काम फोनवर करू नये. लॅपटॉप, चार्जर आणि घरचे वायफाय हवे. टेकआउटच्या पानावर आधी 'सगळ्यांची निवड काढा' करून फक्त गुगल फोटोज निवडावे, नाहीतर यूट्यूबपासून मेलपर्यंत सगळे गोळा होते. पुढे फाइलचा आकार विचारला जातो : १, २, ४, १० किंवा ५० जीबी. ५० जीबीची एकच फाइल मोहात पाडते, पण वीज गेली किंवा राउटर अडकला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. १२० जीबीच्या संग्रहाचे २ जीबीचे साठ तुकडे सांभाळताना एखादा हमखास राहून जातो. घरच्या कनेक्शनला १० जीबी सोयीचे. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर १२० जीबी उतरायला, वेग पूर्ण मिळाला तर, साडेपाच तासांच्या आसपास लागतात. प्रत्यक्षात रात्रभर धरून चालावे.

फाइली तयार झाल्या की मेल येतो. त्यातली लिंक सात दिवसच चालते आणि प्रत्येक तुकडा मोजक्याच वेळा उतरवता येतो. म्हणून मागणी शुक्रवारी-शनिवारी करावी, परीक्षेच्या किंवा लग्नाच्या आठवड्यात नको.

उतरवलेल्या झिप (अनेक फोटो एकत्र बांधलेल्या) फाइली पेनड्राइव्हवर हलवताना "फाइल फार मोठी आहे" असा संदेश आला, तर पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे असे समजावे. त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सएफएटी पद्धतीत ही अडचण नाही आणि विंडोज व मॅक दोन्हीवर ती चालते. फॉरमॅट करताना आधीचे सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवावे.

तपासणी टाळू नये. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅममध्ये 'टेस्ट' हे बटण आहे. प्रत्येक तुकड्यावर ते चालवले की अर्धवट उतरलेली फाइल लगेच कळते. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उलगडावेत, कारण एका वर्षाचे फोटो दोन-तीन तुकड्यांत विभागलेले असतात. मग प्रत्येक वर्षातले दहा-बारा फोटो आणि निदान दोन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहावेत. अल्बममधला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये आणि अल्बमच्या फोल्डरमध्येही येऊ शकतो. त्यामुळे उतरलेला एकूण आकार गुगलने दाखवलेल्या आकाराशी तंतोतंत जुळत नाही. त्याने घाबरू नये.

तारखांचा घोळ

टेकआउटमधले फोटो उलगडल्यावर प्रत्येक फोटोशेजारी जेसॉन नावाची छोटी मजकूर-फाइल दिसते. ती कचरा समजून पुसणे ही फार महागात पडणारी चूक आहे. फोटो काढल्याची तारीख साधारणपणे फोटोच्या पोटातच, एक्सिफ नावाच्या नोंदीत असते. पण गुगल फोटोजमध्ये हाताने सुधारलेली तारीख, जागा आणि लिहिलेले वर्णन मूळ फोटोत जात नाही. ते या जेसॉन फाइलीतच राहते. आजोबांच्या काळातले कृष्णधवल फोटो स्कॅन करून, एकेकाला अंदाजाने १९६२, १९७१ अशी वर्षे देऊन लावलेला संग्रह जेसॉनशिवाय उघडला, तर सगळे फोटो स्कॅन केल्याच्या एकाच दुपारी येऊन पडतात.

जेसॉनमधली माहिती फोटोत परत घालण्यासाठी एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम वापरतात. इथे पुणेकरांना हमखास अडवणारा एक खड्डा आहे. जेसॉनमधली वेळ भारतीय नसून यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची असते. २०२३ ची अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. विसर्जन मिरवणूक पुण्यात दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. २९ तारखेच्या पहाटे दोन वाजता टिळक चौकात काढलेला फोटो यूटीसीत २८ तारखेच्या रात्री साडेआठचा ठरतो. साडेपाच तास न मिळवता वेळ घातली, तर पहाटेचे गणपती संध्याकाळच्या गणपतींमध्ये मिसळतात आणि मिरवणुकीचा क्रम पार विस्कटतो. आधी वीस-पंचवीस फोटोंच्या वेगळ्या प्रतीवर आज्ञा चालवून पाहावी, मगच पूर्ण फोल्डरवर. ज्या फोटोत मूळची एक्सिफ तारीख शाबूत आहे, त्याला हात लावू नये.

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोत एक्सिफ नोंद उरत नाही. त्यांच्या नावात मात्र 'आयएमजी-२०२३०९२८-डब्ल्यूए००१२' अशी तारीख असते. ती फोटो पाठवल्या-मिळाल्याची असते. मे महिन्यातल्या लग्नाचे फोटो मामांनी सप्टेंबरात पाठवले तर ते सप्टेंबरचेच दिसतात. महत्त्वाच्या कार्याचे फोटो म्हणूनच 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावेत; दर्जा आणि तारीख दोन्ही टिकतात.

फोल्डरला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग : '२०२३-०९-२८ विसर्जन'. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या अठ्ठावीस तारखा एकाखाली एक येतात.

पुसणे

प्रत तपासून झाल्यावर पुसायला सुरुवात व्हिडिओंपासून करावी. गुगल फोटोजच्या 'स्टोरेज मॅनेज करा' या पानावर मोठे व्हिडिओ, अस्पष्ट फोटो, स्क्रीनशॉट असे गट तयार मिळतात. मोठ्या फाइलींच्या यादीतल्या पहिल्या पन्नास व्हिडिओंत जेवढी जागा सुटते, तेवढी दोन हजार फोटो एकेक करून पुसूनही सुटत नाही. खिशात फोन चालू राहून झालेले चित्रण, आधार कार्डाचे आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट, फार्मसीला पाठवलेल्या चिठ्ठ्या हा दुसरा थर. माणसांचे फोटो सर्वांत शेवटी, आणि शक्यतो घरातल्या दुसऱ्या कोणाला शेजारी बसवून. एकाला जो फोटो हललेला वाटतो, तो दुसऱ्यासाठी आजीचा शेवटचा असू शकतो.

सर्वांत जास्त नुकसान दोन बटणांच्या गल्लतीने होते. 'या डिव्हाइसवर जागा मोकळी करा' याने क्लाउडवर गेलेल्या फोटोंची फोनमधली प्रत पुसली जाते. क्लाउडची जागा यत्किंचितही सुटत नाही. साधे 'डिलीट' मात्र क्लाउड, फोन आणि त्या खात्याला जोडलेला टॅब, सगळीकडून फोटो काढते. क्लाउड ही बॅकअपची पेटी नसून सगळ्या उपकरणांवर धरलेला एकच आरसा आहे, असे मानून वागले तर चूक होत नाही. बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, तोवर परत आणता येतो. आयफोनच्या स्वतःच्या फोटोज ॲपमध्ये ही मुदत साधारण ३० दिवसांची. आयक्लाउड फोटोज चालू असलेल्या आयफोनवर गुगल फोटोजमधून 'जागा मोकळी करा' केले तर आयक्लाउडवरचे फोटोही जातात, कारण आयक्लाउडला फोनमधून पुसणे म्हणजे सगळीकडून पुसणेच.

आयफोनधारकांनी आणखी एक पाहावे. 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये लहान आवृत्ती असते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर. केबल लावून संगणकावर उतरवलेली प्रत त्यामुळे अपुरी निघू शकते.

काहीही न पुसता जागा करायची तर वेबवरच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल फोटो 'स्टोरेज सेव्हर'मध्ये बदलण्याची सोय आहे. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढे केले जातात आणि व्हिडिओ १०८० पिक्सेलवर येतात. भिंतीवर लावायच्या २४ बाय १६ इंची छपाईपर्यंत हा दर्जा पुरतो. बदल परत फिरवता येत नाही, म्हणून मूळ प्रत हार्ड डिस्कवर उतरल्याशिवाय हे बटण दाबू नये.

प्रत कुठे ठेवावी

छायाचित्रकारांमध्ये ३-२-१ हा नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घरगुती संग्रहाला क्लाउड आणि दोन पोर्टेबल हार्ड डिस्क पुरतात. १ किंवा २ टीबीची डिस्क, सुटी केबल, आवरण यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही पुण्यातली ठरलेली जागा आहे. बिल आणि वॉरंटीचा शिक्का घ्यावा. '२ टीबी' लिहिलेला अगदी स्वस्त पेनड्राइव्ह कुठेही मिळाला तरी घेऊ नये. खोटी क्षमता दाखवणारे असे पेनड्राइव्ह पहिले काही जीबी नीट घेतात आणि पुढचे फोटो गुपचूप हरवतात. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासावा.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवण्यासाठी योग्य नाहीत. फिरती हार्ड डिस्क त्यासाठी बरी, पण तीही सहा महिन्यांनी जोडून, काही फोटो उघडून पाहावी. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. ती धावत्या रिक्षात चालू ठेवून फोटो दाखवू नयेत. चालू डिस्कला बसलेला धक्का जीवघेणा असतो.

घराबाहेरची प्रत ही पुण्यात पुस्तकी गोष्ट नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत घराघरांत पाणी शिरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठा नदीने तळमजले गाठले. म्हणून दुसरी डिस्क दुसऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे, वरच्या मजल्यावर ठेवावी आणि दिवाळीच्या भेटीत अदलाबदल करावी : नवी भरलेली तिकडे, जुनी इकडे.

पैसे भरून जागा वाढवणे यात कमीपणा नाही. गुगल वन या गुगलच्या सशुल्क योजनेतली जागा आणखी पाच जणांपर्यंत कुटुंबात वाटता येते आणि एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. सभासदत्व थांबले तर फोटो लगेच जात नाहीत. खाते मर्यादेच्या वर गेल्याचे धरले जाते आणि दोन वर्षांचा नियम लागू होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यावर 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय त्यांच्यासमोर बसूनच लावून घ्यावी. खाते तीन, सहा, बारा की अठरा महिने वापरात नसल्यावर कोणाला कळवायचे, कोणाला फोटो द्यायचे हे त्यात दहा जणांपर्यंत ठरवता येते. ज्यांना माहिती द्यायची त्यांचा फोन नंबर मात्र चालू असलेलाच द्यावा, कारण माहिती देण्याआधी ओळख त्याच नंबरवर तपासली जाते.